पोर्शे ९४४ : गरम झाली की बंद, गार झाली की सुरू

सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. तासभर हायवेवर पळते, कुठे अडखळत नाही. पेट्रोल भरायला थांबता, पाणी पिता, दहा मिनिटांनी किल्ली फिरवता तर सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन पकडतच नाही. बॉनेट उघडून बघावं तर सगळं जागच्या जागी. अर्धा-पाऊण तास गेला की तीच गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजला नेईपर्यंत ती ठणठणीत झालेली असते आणि मेकॅनिक म्हणतो, गाडीत काही दोष नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

माझी ९४४ ही १९८४ची, अडीच लिटर, आठ व्हॉल्व्हवाली. आम्ही डॅलसला राहतो आणि इथल्या उन्हाळ्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या वर जाणं नवं नाही, त्यामुळे या दुखण्याशी माझा चांगलाच परिचय आहे. अमेरिकेतल्या ओळखीच्या ज्या ज्या मराठी मित्रांनी ही गाडी हौसेनं घेतली, त्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी याच तक्रारीसाठी फोन केलेला आहे. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. १९८२ ते १९९१ या काळात बनलेल्या बहुतेक ९४४ना हे लागू पडतं. इंधन आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारी बॉशची मोट्रॉनिक पद्धत, जिला सगळे डीएमई म्हणतात, ती या गाड्यांत आहे आणि दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा तिच्याच आसपास सापडतं.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण माझ्या मते सगळं तिच्यावर आहे. गाडी बंद पडलेली असते तो अर्धा तास, तेवढाच वेळ दोष तुमच्या समोर हजर असतो. त्या वेळात मोजमाप केलं नाही तर नंतर घरी निवांत केलेल्या तपासणीचा काडीचा उपयोग नाही. सगळं बरोबरच दिसणार. आणि इथेच पैसे वाया जातात. कोणी सांगतं कॉइल बदला, तुम्ही कॉइल मागवून बसवता. तोवर गाडी गार झालेली असते, ती सुरू होते आणि गुण कॉइलला येतो. दोन आठवड्यांनी परत बंद. मग पंप. मग प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर. एका मित्राच्या गाडीत अशा पद्धतीनं पुढून मागून सगळं नवं झालं होतं आणि ती तरीही पेट्रोल पंपावर बंद पडत होती. बदललेला एकही भाग खराब नव्हता.

तेव्हा गाडी बंद पडली की टो ट्रकला फोन करण्याआधी पाच मिनिटं द्या.

आधी एक खबरदारी. चालत्या गाडीत इंजिन झटक्यात बंद झालं, काही आवाज आला आणि आता सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता असते. या इंजिनात बेल्ट गेला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि पुढचं प्रत्येक वेळचं फिरवणं नुकसान वाढवतं. बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर या लेखातलं बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी तो बदला. जाणकार मालक तो साधारण ३०,००० ते ४५,००० मैलांच्या दरम्यान बदलतात, आणि मैल झाले नसले तरी काही वर्षांनी बदलतातच.

आत काय घडतं

तपासणी समजायची तर एवढं माहीत हवं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला फिरणारं जड दातेरी चाक, आणि बेल हाउसिंग म्हणजे त्याच्याभोवतीचं कवच. फ्लायव्हीलच्या घेरावर, बेल हाउसिंगच्या माथ्यावर दोन सेन्सर बसवलेले असतात. एक फ्लायव्हीलचे दात मोजतो, त्यावरून डीएमईला, म्हणजे त्या पद्धतीच्या संगणकाला, इंजिनचा वेग कळतो. दुसरा फ्लायव्हीलवरची एकच खूण दर फेऱ्याला बघतो, त्यावरून क्रँक कुठे आहे हे कळतं. दोन्हींपैकी एकाचाही सिग्नल गेला की डीएमईच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग ते ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पेट्रोल पंपही चालू करत नाही.

डीएमईला आणि पंपाला वीज मिळते ती एकाच रिलेतून, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या स्विचातून, त्याला डीएमई रिले म्हणतात. बाहेरून ती एक साधी डबी दिसते, पण आत दोन रिले आहेत. पहिला किल्ली फिरवली की डीएमईला करंट देतो. दुसरा पंपाला देतो, पण डीएमईनं सांगितल्यावरच.

भारतात मारुतीची एमपीएफआय गाडी चालवलेल्यांची इथे हमखास फसगत होते. किल्ली ऑन केली की मागून दोन सेकंद पंपाचा झूं आवाज यायला हवा, हे कानाला सवयीचं असतं. ९४४मध्ये नुसत्या किल्लीवर तो आवाज येतच नाही. इंजिन फिरायला लागल्यावरच पंप चालतो. त्यामुळे आवाज नाही म्हणजे पंप गेला, हा निष्कर्ष या गाडीत चुकीचा. आणि सेन्सर गेला तरी पंप बंदच राहतो, त्यामुळे खराब सेन्सरपायी चांगले पंप बदलले जातात.

रस्त्याकडेला करायची तपासणी

पहिली गोष्ट हातात पाना न घेता होते. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर क्लच दाबण्याआधी आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत, आणि तरी काटा एकदम शून्यावर आपटला तर वीज किंवा सिग्नल गेला. गाडीचा वेग उतरत जाईल तसा काटा हळूहळू उतरला तर ठिणगी शाबूत आहे, इंधनाकडे बघा. ही एक नजर तासाभराची मेहनत वाचवते. मी तर घरच्यांनाही सांगून ठेवलंय की गाडी बंद पडली की काटा कसा पडला ते लक्षात ठेवा.

उभी असताना सुरू होत नसेल तर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि पुन्हा काट्याकडेच बघा. सेल्फ फिरताना काटा थोडा उचलला, थरथरला, तर डीएमईला वीज मिळतेय आणि दोन्ही सेन्सर काम करतायत असं धरून चाला. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर दोनच मोठ्या शक्यता : डीएमईला करंट नाही, किंवा सेन्सरचा सिग्नल नाही.

या दोहोंतला फरक करायला एक जंपर लागतो. तो घरीच करून गाडीत ठेवा. २.५ चौरस मिमीची वायर, तीन टोकांना रिलेच्या पिनेएवढ्या चपट्या पिना, मध्ये एक फ्यूज होल्डर. रिले ओढून काढायचा आणि सॉकेटात ३०, ८७ आणि ८७बी ही तीन ठिकाणं एकमेकांना जोडायची. माझ्या १९८४च्या गाडीत रिले चालकाच्या बाजूला डॅशखाली आहे. १९८५च्या मध्यात डॅश बदलला, तेव्हा तुमच्या गाडीची जागा मॅन्युअलमधल्या आकृतीवरून शोधा. आकडे रिलेच्या बुडाला पिनांशेजारी लिहिलेले असतात. रिले उलटा करून वाचताना डावं-उजवं बदलतं, म्हणून सॉकेटाशी ताडून घरी आधीच एका कागदावर चित्र काढून ठेवा. उन्हात, पाय बाहेर आणि डोकं पेडलपाशी अशा अवस्थेत हे गणित डोक्यात करायची वेळ येऊ नये.

जंपर लावताच मागून पंपाचा आवाज यायला हवा, किल्ली बंद असली तरी, कारण ३० नंबरला बॅटरीचा करंट कायम असतो. आवाज आला नाही तर आधी फ्यूज, मग पंप आणि त्याच्या वायरी. आवाज आला की सेल्फ मारा.

गाडी सुरू झाली? मग दोष रिलेत आहे, नाहीतर त्याच्या सॉकेटात किंवा रिलेची कॉइल चालवणाऱ्या वायरीत. लगेच रिलेला दोषी ठरवू नका. चांगला असल्याची खात्री असलेला दुसरा रिले लावून बघा. त्यानंही सुरू झाली नाही आणि जंपरनं होते, तर सॉकेटातली पिन सैल झाली असेल.

पंप वाजतोय पण काटा अजून मेलेलाच आणि गाडी सुरू होत नाही? मग सेन्सरकडे जा.

काटा हलतोय, पंप वाजतोय, तरी सुरू होत नाही? मग इंधनाचा दाब, वाफ किंवा तापमानाचा सेन्सर.

काही जण जंपर लावूनच महिनोन् महिने गाडी चालवतात. कृपया असं करू नका. अपघात होऊन इंजिन बंद पडलं तर डीएमई पंप बंद करतं, ही या गाडीतली मोठी सुरक्षितता आहे. जंपर लावलेला असेल तर फुटलेल्या पाइपातून पंप पेट्रोल ओततच राहील. घरी पोचण्यापुरता तो वापरा, पोचल्यावर काढा. नाहीतर बॅटरीही उतरेल.

रिले उघडून बघा

माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा गुन्हेगार हाच निघतो. डॅशखालची जागा आधीच कोंदट. गाडी उन्हात उभी राहिली की आतली हवा भट्टीसारखी होते, त्यात रिलेच्या कॉइलची स्वतःची ऊब. वर्षानुवर्षं तापणं आणि गार होणं चालू राहिलं की आतल्या छोट्या बोर्डावरचं सोल्डर पिनांभोवती तडकतं. गार असताना तडा मिटलेला असतो, करंट जातो. तापून धातू पसरला की केसाएवढी फट पडते आणि गाडी बंद.

डबीच्या कडेनं पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून खाचा एकेक करून सोडवा, झाकण सरळ वर निघतं. आता बोर्ड उलटा करा आणि चांगल्या उजेडात भिंग घेऊन एकेक पिन बघा. चांगला जोड चकचकीत आणि पिनेला सगळीकडून चिकटलेला दिसतो, त्याचा उतार पिनेवर चढत गेलेला असतो. तडकलेल्या जोडात पिनेभोवती एक बारीक करडं कडं दिसतं. पेन्सिलीनं गोल काढावा तसं, आणि बहुतेक वेळा ते पूर्ण गोल असतं. पिन लाकडी काडीनं हलकेच ढकलली तर ती कड्याच्या आत स्वतंत्र हलते. जाड पिनांवर हे आधी दिसतं, कारण जास्त करंट तिथून जातो आणि रिले काढता-घालताना ताणही त्यांच्यावरच येतो. माझ्या रिलेत ३० नंबरची पिन अशी होती. बाकीच्या बघायला बऱ्या दिसत होत्या, तरी मी सगळ्याच नव्यानं केल्या आणि तुम्हीही तसंच करा.

जुन्या सोल्डरवर नवं थापू नका. सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीनं जुनं काढा, फ्लक्स लावा, साधारण ३५० अंशांवर ६०/४०चं सोल्डर द्या, गार होईपर्यंत पिन हलू देऊ नका. दोन जोडांत पूल होत नाही ना ते बघा. नंतर आतल्या संपर्कांवरचा काळेपणा जाड कागदाची पट्टी मधून ओढून पुसा. पॉलिश पेपर नको, त्यावरचा मुलामा खरवडला जातो.

नवा रिले घ्यायचा असेल तर सुधारित भागाचा नंबर ९४४ ६१५ २२७ ०१. हाच रिले त्या काळातल्या ९११ कॅरेरा ३.२ मध्येही आहे, त्यामुळे मिळायला अडचण येत नाही. माझं मत विचाराल तर नवा बसवा, आणि जुना सोल्डर मारून, तपासून डिकीत ठेवा. उलटं करू नका. घरी केलेल्या सोल्डरवर रोजची गाडी आणि नवा रिले डब्यात, यात शहाणपण नाही.

रिलेवर संशय आहे पण गाडी घरी असताना बंदच पडत नाही, अशा वेळी दोष मुद्दाम ओढून आणता येतो. इंजिन चालू ठेवा, रिलेवर केस वाळवायच्या ड्रायरनं गरम हवा सोडा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलके टकटक करा. इंजिन अडखळलं की सापडला. हीट गन वापरू नका, शेजारचे सॉकेट वितळतील. अशा प्रकारे माझ्या अंगणात एका मित्राच्या गाडीचा निकाल लागला. तिला गॅरेजमध्ये कधीच काही सापडलं नव्हतं, कारण गॅरेजमध्ये एसी होता.

सेन्सर आणि त्यांच्या वायरी

दोन्ही सेन्सर एकच पार्ट आहेत. त्यांचे कनेक्टर इंजिनच्या मागच्या बाजूला फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीजवळ) शेजारी-शेजारी असतात आणि दिसायलाही सारखेच. उलटे लावले गेले तर गाडी सुरूच होत नाही, म्हणून काढण्याआधी एकाला रंगीत टेप गुंडाळा. तो भाग इतकी वर्षं तापून कनेक्टरचं प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. वायर धरून ओढू नका, खटका दाबून कनेक्टरच धरा.

मल्टीमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या बाजूनं १ आणि २ नंबरच्या पिनांत मोजा. ६०० ते १६०० ओहमच्या दरम्यान काहीही आलं तर कॉइल ठीक. मग त्या दोन्हींपैकी प्रत्येक पिन आणि तिसरी, शील्डची (वायरीभोवतीच्या धातूच्या जाळीची) पिन यांच्यात मोजा, तिथे काहीच संपर्क दिसता कामा नये. पण पुन्हा तेच सांगतो : हे माप गाडी बंद पडलेली असताना, इंजिन गरम असताना घ्या. गार सेन्सर ९०० दाखवेल आणि गरम झाल्यावर अनंत. दोन्ही वेळची मापं वहीत लिहून ठेवली की वाद उरत नाही.

सेन्सर चांगले निघाले तर त्यांच्या वायरींकडे बघा. कनेक्टरच्या मागे वायरीवरचं रबरी बूट मागे सरकवा. आतल्या वायरींचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल, तुकडे पडत असतील, तर शील्ड आणि सिग्नल यांचा मधूनमधून संपर्क होतोय. इंजिन आयडलवर ठेवून हा जुडगा हातानं हलवा. काटा उडाला, इंजिन चुकलं, तर दुरुस्ती तिथेच. शील्डसकट वायर बदला. साध्या दोन वायरी जोडून काम भागवलं तर शेजारच्या हाय टेन्शन वायरींचा गोंधळ सिग्नलमध्ये शिरतो आणि मग गाडी एका नव्याच तऱ्हेनं बिघडते.

सेन्सर बदलताना धीर धरा. तो ब्रॅकेटमध्ये गंजून बसलेला असतो, जोर लावला की डोकं तुटून हातात येतं आणि बाकीचं आत. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, ॲलन बोल्ट काढा, सेन्सर आधी डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवून सैल करा, मगच वर. नवा बसवल्यावर टोक आणि फ्लायव्हील यांतलं अंतर ०.८ मिमी हवं. ते डोळ्यांनी दिसत नाही. सोपा मार्ग म्हणजे वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या टोकाला ०.८ मिमी जाडीचा छोटा वॉशर हलक्या गोंदानं चिकटवायचा, ब्रॅकेट ढिला करून सेन्सर दातांना टेकेपर्यंत खाली आणायचा, ब्रॅकेट घट्ट करायचा, सेन्सर बाहेर काढून वॉशर काढायचा आणि सेन्सर परत लावायचा. वॉशर निघालाय याची खात्री करा, तो आत पडला तर गिअर बॉक्सच्या बाजूनं उघडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. मजबूत गोंद नको, पण सुटून पडेल इतका कच्चाही नको.

तिथे हात गेलाच आहे तर बेल हाउसिंगवरचा अर्थिंगचा बोल्टही बघा. डीएमईच्या वायरींचे अर्थ तिथे येतात. काढा, तारेच्या ब्रशनं धातू उजळ होईपर्यंत घासा, परत घट्ट करा. बॅटरीच्या निगेटिव्ह पट्ट्याचंही तसंच करा.

काटा हलतो, पंप वाजतो, तरी सुरू नाही

अशा वेळी इंधनाचा दाब मोजावा लागतो. फ्युएल रेलच्या (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) टोकाला तपासणीचं एक तोंड आहे, त्यावर टोपीसारखा नट असतो. रेलमध्ये दाब असतो, म्हणून आधी खाली चिंधी धरा, नट सावकाश सोडा आणि आत एक छोटी स्टीलची गोळी असते ती पकडा. ती इंजिनच्या खाचेत गेली की सापडत नाही आणि तिच्याशिवाय तोंड बंद होत नाही. हे काम गार इंजिनवर, मोकळ्या हवेत, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवूनच करा.

१९८४च्या माझ्या गाडीत जंपरनं पंप चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत दाब २.५ बारच्या आसपास हवा. १९८९च्या आणि त्यानंतरच्या गाड्यांचे आकडे वेगळे, ते मॅन्युअलमध्ये बघा. आता पंप बंद करून गेजकडे बघत राहा. काटा जागेवर राहिला, सावकाश उतरला, तर ठीक. घसरत लगेच शून्यावर गेला तर पंपाच्या तोंडाचा चेक व्हॉल्व्ह गळतोय, रेग्युलेटर गळतोय किंवा एखादा इंजेक्टर. मागच्या बाजूला, टाकीशेजारी फिल्टरजवळ पंप असतो, त्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, अख्खा पंप बदलायची गरज नसते.

याचा गरम इंजिनाशी संबंध असा. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता काही मिनिटं वाढतच जाते. रेलमध्ये दाब टिकला तर पेट्रोल द्रवच राहतं. दाब गेला तर ते रेलमध्येच उकळतं, वाफ होते आणि इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी वाफ जाते. या प्रकारात सेल्फ बराच वेळ मारल्यावर गाडी खोकत, धूर न सोडता, लंगडत सुरू होते आणि मिनिटाभरात सरळ होते. रिलेच्या दोषात असं लंगडणं नसतं. तिथे एकतर सुरू होते, नाहीतर नाही.

याच्या उलट, सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास असेल, प्लग ओले निघत असतील, तर तापमानाचा सेन्सर तपासा. इंजिनच्या पाण्यात बसलेला दोन वायरींचा, डीएमईसाठीचा वेगळा सेन्सर असतो. गार असताना, २० अंशांना, त्याचं माप अडीच हजार ओहमच्या आसपास येतं आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. त्याची वायर तुटली तर डीएमईला वाटतं बाहेर बर्फ पडतोय, आणि ते गरम इंजिनात पेट्रोल ओतत बसतं. हा सेन्सर स्वस्त आहे, पण मापून मगच बदला.

रेलवर आणि रेलपर्यंत येणाऱ्या रबरी पाइपांकडेही या निमित्तानं बघा. ते गरम इंजिनच्या अगदी वरून जातात आणि जुने झाले की फुगतात, चिरा पडतात. बोटानं दाबल्यावर कडक लागले, वाकवल्यावर चिरा दिसल्या, तर त्या दिवसापासून गाडी चालवू नका. जुन्या ९४४ना बॉनेटखाली आग लागण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे, आणि इथे काटकसर करण्यासारखं काहीच नाही.

उरलेल्या दोन जागा

वरचं सगळं चांगलं निघालं तर किल्लीचा स्विच. त्याचा मागचा विजेचा भाग झिजतो आणि किल्ली एखाद्या मिलिमीटरनं मागे आली तरी करंट तुटतो. गाडी चालू असताना किल्ली हलकेच दोन्ही बाजूंना हलवून बघा. किल्लीच्या जुडग्यात घराच्या, ऑफिसच्या, टपालपेटीच्या चाव्या लटकत असतील तर त्या आजच काढा. त्या वजनानंच हा स्विच लवकर जातो. विजेचा भाग वेगळा मिळतो, अख्खं लॉक बदलावं लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे मागच्या कोणा मालकानं बसवलेला अलार्म. ऐंशी-नव्वदच्या दशकात या गाड्या फार चोरीला जात म्हणून अमेरिकेत जवळजवळ प्रत्येकीत काहीतरी बसवलेलं असतं. रिमोट कधीच हरवलेला, पण डॅशखाली त्याचा डबा अजून लटकतोय आणि किल्लीच्या किंवा सेल्फच्या वायरी कापून, चिमट्याच्या क्लिपा दाबून त्यातून फिरवलेल्या असतात. त्या क्लिपांत वायरीचे चार-पाच धागेच उरलेले असतात. डबा काढून टाका आणि कापलेल्या मूळ वायरी सोल्डर मारून, हीट श्रिंक नळी चढवून थेट जोडा. हे करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असू द्या.

डीएमईचा डबा स्वतः फार क्वचित बिघडतो. रिले, सेन्सर, अर्थ, किल्ली हे सगळं गरम असताना मोजून चांगलं निघालं, तरच त्याच्याकडे वळा. किल्ली बंद करून, बॅटरी काढून, त्याचा ३५ पिनांचा प्लग सोडवा, पिना हिरव्या पडल्यात का बघा, साफ करून परत बसवा. एवढ्यानं भागलं नाही तर त्याच मॉडेलचा, त्याच इंजिनचा दुसरा डबा कोणाकडून तासाभरासाठी मागून आणा आणि गाडी गरम करून, बंद करून, दहा मिनिटांनी सुरू होते का ते बघा. कायमचा विकत घ्यायचा तो त्यानंतर.